जादा ‘ल’ची इटालियन मोटार

वसई (पूर्व), बुधवार

तीर्थस्वरूप दिनानाथमामांस,

सुमेधचा वाकून नमस्कार. आपला गुडघा कसा आहे? मामींचे लोणचे पोचले, बरणीही शाबूत आहे. माझी नोकरी सोडून इकडे सर्व कुशल.

सातिवलीच्या ज्या कारखान्यात मी दोन वर्षे हंगामी कारकून आहे, तिथे फायबरची फिरती शौचालये बनतात, हे आपण चारचौघांत सांगत नाही, त्याबद्दल आभार. पण आमचे मालक जयरामशेठ आता इटालियन स्पोर्ट्स कार बनवणार आहेत. येत्या रविवारी एव्हरशाईन सिटीत पहिल्या नमुना-गाडीचे अनावरण आहे. ते नीट पार पडले तर मी कायम, नाहीतर घरी. कंपनीचे नाव ‘सातिवेल्ली’. मी नम्रपणे म्हटले, शेठ, यात एक मात्रा आणि एक ‘ल’ जादा आहे. ते म्हणाले, “तेवढंच तर इटलीचं आहे, बाळा.” (गावाचे नाव चुकवले की परदेश लागतो, हे मला नववीपर्यंत तरी कोणी शिकवले नव्हते.)

गाडीचा जन्म असा: खाली शेठच्या मेव्हण्याची भंगारातली व्हॅन, वर दोन शौचालये आडवी कापून जोडलेली, त्यावर लाल रंगाचे तीन हात. गाडी जमिनीलगत दिसते, कारण मागची स्प्रिंग तुटली आहे. कडी काढली तर दार पडते, म्हणून कडी ठेवली. आतून लावली की बाहेर ‘आत कोणी आहे’ अशी पट्टी फिरते.

पाहुण्यांना वाटायच्या पुस्तिकेत कंपनीचा इतिहास लिहायचे काम मात्र माझ्याकडे, कारण माझे शुद्धलेखन. गाव कोणते, साल कोणते, असे विचारले तर शेठ म्हणाले, “डोंगर टाक, द्राक्षं टाक, एक म्हातारा टाक.” मी टाकले: संस्थापकांनी १९६३ साली द्राक्षमळ्यातल्या गोठ्यात पहिली गाडी ठोकून काढली. आमचे फिटर, पापडीचे सेबेस्टियनकाका, वाचून म्हणाले, “कुमसारला ये माझ्याबरोबर. तुझं ऐकून पाद्री सुट्टीवर जाईल.” (कुमसार म्हणजे पापांची कबुली.)

आपला आज्ञाधारक भाचा,
सुमेध

ता. क. रविवारी पाहुण्यांना एक इटालियन दाखवायचा आहे. आपण गोरे, घारे, आणि आपल्याकडे सूट आहे. सफाळ्याहून सकाळीच निघावे. बोलायचे काही नाही, गाडीकडे पाहून मान हलवायची. दार उघडू नये.

पुन्हा ता. क. आपण संस्थापकांचे धाकटे भाऊ आहात. खुद्द संस्थापक होता येणार नाही, कारण पुस्तिकेत ते वारले आहेत. फोटो मात्र आपलाच आहे, लग्नातला. खाली ‘कैलासवासी’ छापून झाले आहे. मामींना पुस्तिका दाखवू नये. फोटोत त्याही आहेत.