शेतात अडकलेला नांगर

११ जानेवारी १९९३
नवी पोरं आली. बसमधून उतरल्या उतरल्या एकानं विचारलं, "सर, समुद्र कुठाय?" दर वर्षी कुणीतरी विचारतंच. म्हटलं, समुद्र कारवारला. इथं धरणाचं पाणी हाय, आधी यात वल्हवायला शिका. पत्र्याच्या दोन शेड, जमिनीत रोवलेली डोलकाठी, चार होड्या. जहाजावर जाणाऱ्या पोरांचं आमचं कॉलेज एवढंच, तेही जंगलात. डोलकाठीवर माकडं बसलेली. कॅप्टन (आमचे प्रिन्सिपॉल, अख्खा जन्म जहाजावर गेलेला) शिट्टी मारून त्यांना खाली बोलवत होते. माकडं कशाला ऐकतायत! हसू आवरेना.

१७ जाने., रविवार
रामनगर, घरी. आईसाठी धरणातली मासळी नेली. नेऊ नये हे कळतं, तरी नेली. तिनं पिशवीकडं बघितलंसुद्धा न्हाई. "आपल्याच शेतात पोसलेली मासळी खाऊ व्हय? मांजराला घाल."
गाव पाण्याखाली गेल्यापासून ती तिकडं फिरकलेली न्हाई. उळवीच्या जत्रेला जाताना पाणी दिसलं की पदर तोंडावर घेते. आणि मी त्याच पाण्यावर पोरांना वल्हवायला शिकवतो. नोकरी लागल्यापासून माझ्या कामाबद्दल एक अक्षर विचारलेलं न्हाई. राग येतो मला. धरण काय मी बांधलं?

३ फेब्रु.
भानगड. नांगर टाकायचा धडा होता. टाकला, दोर ताणला, तळाला धरला. पोरांना शाबास म्हटलं. वर घ्यायला गेलो तर येईना! आठ जण ओढतायत, होडी कलंडायला आली. शेवटी दोराला रिकामा डबा बांधला आणि पाण्यावर सोडून परत आलो. कॅप्टन भडकले. "मास्तर, तळाला आहे तरी काय असं?"
काय सांगू. समोर बोडका डोंगर, डावीकडं पाण्यात उभा वाळलेला सागवान. म्हणजे आमचं शेत असावं. की शेजाऱ्याचं. पाण्यावर बांध थोडाच दिसतो.

७ फेब्रु., रविवार
जेवताना बोलून गेलो, "नांगर अडकलाय आपल्या शेतात. निघंना." आईचा घास हातातच राहिला.
"गावला?"
"काय?"
"तुझ्या बाबांचा नांगर रं."
माझ्या डोक्यात उजेड पडायला वेळ लागला. पाणी येणार हे ठावं असून बाबांनी शेवटच्या वर्षीपण शेत नांगरलं होतं. नांगर तिथंच बांधाला टेकवून आले. घरी न्या म्हटलं तर कुणाशी बोलले न्हाईत. लाकडाचा तो, कधीच कुजला असंल. पण आईला हे कसं...
सांगितलं. होडीचा लोखंडी आकडा आई, त्यालापण नांगरच म्हणतात. चेहरा पडला तिचा. ताट तसंच ठेवून हात धुतला. झक मारली आणि विषय काढला.

१४ फेब्रु., रविवार
आज आपणहून, "निघाला काय रं नांगर?"
न्हाई म्हटलं.
"लोखंडाचा असंना. आपल्या शेतात घुसलाय न्हवं?"
मग किती खोल, माती कसली लागली, ओढायला किती जण होते. बाबा पहिलं तास, म्हंजे नांगराची पहिली रेघ, डोंगराच्या बाजूनं धरायचे, बैल वळताना काय ओरडायचे, सगळं सांगत बसली. बाबा गेल्यापासून एवढं बोलली नव्हती. मी म्हटलं, व्हय, आपलंच शेत. खोटं न्हाई, पण नक्की ठाऊकही न्हाई.

२२ मार्च
पाणी उतरतंय. काठाला लाल चिखल. कॅप्टन म्हणतात, आणखी उतरलं की नांगर काढा, न्हाईतर दोर कापा. त्यांचं बरोबर. पोरं डब्याला वळसा घालून वल्हवायला शिकली, त्यांना मजा.
मला मात्र तो निघू नये असं वाटतं. आता दर रविवारी आई दारातच उभी असते विचारायला. निघाला की काय विचारणार? बोटीचा मास्तर आणि म्हणतो नांगर निघू नये! कुणाला सांगायची सोय न्हाई.

१८ एप्रिल, रविवार
आईला सांगितलं, परवा काढणार. हातातलं सूप तिनं खाली ठेवलं. मग, "मला ने."
"कुठं?"
"कुठं म्हंजे? शेतात."

२० एप्रिल
सकाळच्या बसनं आली. काठावर चपला काढल्या. पाण्याकडं बघत उभी राहिली, पदर तोंडावर घेतला न्हाई. पोरांनी हात धरून होडीत बसवलं. कॅप्टननी तिला नमस्कार केला आणि ते काठावरच थांबले.
डब्याशी पोचलो. दोर आधी तिनं हातात घेतला, पोरांनी मागनं धरला. एकदा ओढला, दोनदा. खाली काहीतरी सरकल्यागत झालं, दोर जरा सैल आला. आई एकदम ओरडली, "थांबा रं! बैलं दमल्यात."
पोरं खो खो हसली. तीपण हसली. काठावरनं कॅप्टनची शिट्टी, ओढा म्हणून. आई दोर सोडीना आणि ओढूही देईना.
"अजून एक तास ऱ्हायलंय," म्हणाली.
एका पोरानं घड्याळात बघितलं. मी सगळ्यांना वल्ही आत घेऊन थांबायला सांगितलं.
डबा अजून तिथंच हाय. उद्या काय करायचं म्हणून कॅप्टननी विचारलंय. उद्याच्या धड्यात मी डब्याला वळसा घालणं लिहिलंय.