टोक काढलेल्या पाच गोळ्या

गुदैबिया, बहरीन
सोमवार

प्रिय ओवैस,

अस्सलामु अलैकुम. शुक्रवारी तू फोनवर सरळ विचारलंस की मामू, टोकदार गोळी का नको, आणि मी ड्युटीवर आहे असं सांगून फोन ठेवला. शुक्रवारी मला सुट्टी असते हे तुलाही ठाऊक आहे. नंतर मी आपाला, तुझ्या अम्मीला, फोन केला आणि तो काडतुसांचा डबा कपाटात ठेवून किल्ली स्वतःकडे ठेवायला सांगितलं. कारण तिलाही सांगितलं नाही. शेतात घुसणारी रानडुकरं मारायची वनखात्याची परवानगी शनिवारपासून आहे आणि पहिल्याच दिवशी तू त्या डब्यातली पाच काडतुसं भरणार आहेस, म्हणून हे पत्र घाईनं लिहितोय. शेजारच्या खोलीतला मयुरेश महाडचा आहे, गुरुवारी सुट्टीवर निघतोय. तो हे तुझ्या हातात देईल. पूर्ण वाचून होईपर्यंत आपाकडे किल्ली मागू नकोस.

तू पाठवलेला फोटो मी दहा वेळा मोठा करून पाहिला. चादरीवर एका ओळीत ती पाच काडतुसं, शेजारी दुकानातून आणलेली चपट्या तोंडाची नवी, आणि खाली तुझं इंग्रजी, की ही अब्बूंनी स्वतः घासून टोक काढलेली, पहिली शिकार यांनीच होणार. तोंडानं छान मराठी बोलतोस, पण लिहायला बसलास की थेट साहेब होतोस. असो. तू बघतोस त्या शिकारीच्या व्हिडिओंतले दाढीवाले सांगतात ते खोटं नाही. टोकदार गोळी हवा कापत जाते, लांबवर नेम धरून राहते. चपट्या तोंडाची गोळी हवेला छाती देत जाते आणि लवकर दमते. पण आपल्या खाडीकाठच्या करवंदीच्या जाळ्यांत लांबचं दिसतं कुणाला? रानडुक्कर तीस-चाळीस पावलांवर पुढ्यात येतं. तिथे चपटं तोंड जी थप्पड देतं ती टोक देत नाही. टोक कधीकधी आरपार निघून जातं आणि जनावर जखमी होऊन मैलभर पळतं. गोल तोंडाची गोळी या दोघींच्या मधली. शिकारीपुरतं बघशील तर उत्तर एवढंच आहे, आणि एवढं मी फोनवरही सांगू शकलो असतो.

तुझी बंदूक निराळी आहे, ओवैस. तुझ्या पणजोबांनी ती केपटाउनहून बोटीतून आणली. गावात तिला कडीची बंदूक म्हणतात, कारण हाताखालची कडी पुढे ढकलून मागे ओढली की पुढचं काडतूस वर येतं. बाकीच्या रायफलींत काडतुसं एकावर एक बसतात. हिच्यात नळीखाली दुसरी बारीक नळी आहे आणि काडतुसं तिच्यात एकामागे एक उभी राहतात, शाळेच्या रांगेतल्या पोरांसारखी. म्हणजे मागच्या गोळीचं तोंड पुढच्या काडतुसाच्या बुडाला टेकलेलं असतं. आणि बुडाच्या मधोमध ती टोपी असते, जिच्यावर खीळ आपटली की बार उडतो. तोंड चपटं असेल तर कितीही हिसका बसू दे, काही होत नाही. तोंडाला टोक असेल तर ती गोळीच खिळीचं काम करते. पणजोबांपासून या घरात फक्त चपटी गोळी वापरली गेली ती या एका कारणानं, पण ते कारण पुढे कुणी कुणाला सांगितलं नाही. आमच्या पिढीला वाटायचं, जुन्या लोकांची सवय, दुसरं काय.

तुझे अब्बू गेले तेव्हा तू आठ वर्षांचा होतास. उबेदभाईंसारखा जपून वागणारा शिकारी मी पाहिला नाही. घरात शिरण्याआधी ते कडी सात-आठ वेळा ओढून बंदूक रिकामी करायचे, आणि आपा हसायची की रिकामीला किती रिकामी कराल. बांध किंवा ओढा ओलांडायचा असेल तर वरच्या नळीत काडतूस कधीच नसायचं. त्या दिवशीही नसणार. खालची नळी भरलेली, वरची रिकामी, बंदूक डाव्या हातात, आणि त्यांनी बांधावरून खाली उडी टाकली. बार खालच्या नळीत झाला. तिचा पत्रा फाटून गळ्याला लागला. ती नळी पुढे बदलून घेतली, पण ती का फाटली हे कुणी विचारलं नाही. तालुक्याला पोचेपर्यंत रक्त राहिलं नव्हतं.

लोकांनी काय म्हटलं ते ऐकतच तू मोठा झालास. बांध उतरताना घोड्यावर बोट राहिलं, बेफिकीरपणा नडला. तुला मास्तरांनी वर्गात तेच ऐकवलं आणि तू दोन दिवस जेवला नाहीस, हे आपानं मला सांगितलं होतं. आज तुला सांगतो, असं म्हणणारा पहिला माणूस मीच होतो. मी चार दिवसांपूर्वीच सुट्टी संपवून इथे परतलो होतो. सलमाबादच्या वर्कशॉपमध्ये लेथवर असताना फोन आला. तुझे चाचा रडत विचारत होते की असं कसं झालं, तर माझ्या तोंडून निघालं, भाईंचं बोट घोड्यावर राहिलं असेल. काहीतरी बोलायचं म्हणून बोललो. चाचांनी तेच पोलिसांना सांगितलं, आणि खलास, कागदावर तेच आलं.

नऊ वर्षं मीही ते खरं धरून चाललो. मग आमच्याकडे दत्तप्रसाद नावाचे पुण्याचे इंजिनिअर आले. कॉलेजात रायफल क्लबमध्ये होते, बोलायची हौस. एकदा चहाच्या सुट्टीत बंदुकांचा विषय निघाला आणि मी कौतुकानं आपल्या कडीच्या बंदुकीचं सांगितलं. त्यांनी टेबलावर चार बोल्ट आडवे, एकामागे एक लावून दाखवले आणि म्हणाले, हिच्यात टोकदार गोळी कधी घालायची नाही. वर तुला लिहिलं ते सगळं त्यांनी पाच मिनिटांत सांगितलं. पुढचं मी ऐकलं नाही. उठलो आणि ऊन लागलं असं सांगून खोलीवर आलो.

तेव्हापासून उबेदभाई इथे येतात. तू हसशील. जुबैदाआपा हसणार नाही, म्हणून तिला आजवर सांगितलं नाही. दुपारी जेवणासाठी मशिनी बंद होतात तेव्हा ते माझ्या लेथशेजारच्या ऑइलच्या ड्रमवर बसलेले असतात. बोलत नाहीत, रागावतही नाहीत, नुसते माझ्या हातांकडे बघतात. इथल्या हूऱ्याच्या बाजारात डावा खांदा जरा खाली सोडून पुढे चालताना दिसतात. मी पाय उचलला की ते वळणावर नाहीसे होतात. फातिहा पढलो, त्यांच्या नावानं गरिबांना सदका दिला, डॉक्टरकडे जाऊन झोपेच्या गोळ्याही घेतल्या. ज्या कामात टोक काढायचं असतं ते काम मी पाच वर्षं दुसऱ्याला देतो आणि डोळ्यांचं निमित्त सांगतो. मला भीती वाटते, ओवैस. त्यांची नाही. ते एक दिवस विचारतील याची.

त्या पाच गोळ्यांना तुझ्या अब्बूंचा हात कधी लागलेला नाही. ते जाण्याआधीच्या त्या सुट्टीत अंगणात बसून त्या मी घासल्या. दहा होत्या. बहरीनहून नवी कानस आणली होती, हातात नवा हुन्नर आला होता, आणि मेव्हण्यासमोर मिरवायचं होतं. उबेदभाईंनी दोनदा विचारलं की नजीब, चालेल ना हे, आपल्याकडे चपटीच वापरतात. मी म्हणालो, लोखंडाचं मला सांगू नका, मशिनिस्ट मी आहे. त्यांनी माझं मन राखलं. पाच भरल्या, पाच ठेवल्या. तू त्यांची आठवण म्हणून ज्या भरायला निघाला आहेस, त्या त्यांचा जीव घेणाऱ्या गोळ्यांच्या जोडीच्या आहेत आणि माझ्या हातच्या आहेत. डबा पोलीस ठाण्यात नेऊन दे, सोबत हे पत्र दे. त्याआधी ते आपाला मोठ्यानं वाचून दाखव, मधलं काही गाळू नकोस. मी रजेचा अर्ज टाकलाय, महिन्याभरात येईन इंशाल्ला, आणि दार उघडायचं की नाही ते तुम्ही दोघं ठरवा. तोवर गावात कुणी तुझ्या अब्बूंना बेफिकीर म्हणालं, तर त्याला माझं नाव सांग.

अजूनही म्हणू देशील तर तुझाच,
नजीबमामू