बेलचे पॅकेट अडवल्याबद्दलचे प्रशस्तिपत्र रद्द करण्याबाबत

प्रति,
मा. वैद्यकीय अधीक्षक,
रुग्णालय मुख्य कार्यालय.

विषय : पुरुष शस्त्रक्रिया कक्षातील परिचारिकेचे निलंबन मागे घेऊन योग्य ती कारवाई माझ्यावर करण्याबाबत.

संदर्भ : १) परिचारिकेचा निलंबन आदेश. २) मला मिळालेले प्रशस्तिपत्र. (दोन्ही एकाच टपालात निघाले आहेत.)

महोदया,

मी आपल्या रुग्णालयात नेटवर्क तंत्रज्ञ आहे. चौकशी समितीसमोर जे सांगायला हवे होते व मी सांगितले नाही, ते या अर्जाने सांगत आहे.

१. संगणक संथ चालतात, अशी सर्व विभागांची तक्रार होती. त्यावर उपाय म्हणून मी तळमजल्यावरील स्विचवर, म्हणजे सगळ्या वायरी जिथे येऊन जुळतात त्या पेटीवर, प्रोटोकॉलनुसार (यंत्रांच्या आपसातील भाषेनुसार) व्हीलॅन केले. येणारे पॅकेट, म्हणजे संदेशाचा तुकडा, कोणत्या प्रोटोकॉलचे आहे ते पाहून स्विच त्याला वेगळ्या वाटेला लावतो. वायर एकच, वाटा निराळ्या, हेच व्हीलॅन. कोणते पॅकेट पुढे सोडायचे याचे नियमही लिहिले. शेवटचा नियम असा होता : ज्याची ओळख पटणार नाही, ते टाकून द्यावे. संगणक खरोखरच पळू लागले.

२. शस्त्रक्रिया कक्षातील बेलची यंत्रणा जुनी आहे व तिचा प्रोटोकॉलही जुनाच आहे. तो नियमांत घालायचा माझ्याकडून राहिला. परिणामी रुग्णाने बटण दाबले की उशाशी दिवा लागे, पण परिचारिकेच्या टेबलावर काहीच पोहोचत नसे. दुसऱ्या दिवशी सकाळी सिस्टरांनी मला बोलावून घेतले. "दादा, माझ्याकडे बेल वाजतच नाहीये," त्या म्हणाल्या. मी एका पलंगाचे बटण दाबले, उशाशी दिवा लागला. "लागतोय की, ताई," असे म्हणून मी निघालो. टेबलापर्यंत चार पावले टाकायचा मी कंटाळा केला.

३. त्याच दुपारी खिडकीजवळच्या पलंगावरील शिंपीकाका पडले. त्यांच्या घशाची शस्त्रक्रिया झाली होती, हाक मारायची मनाई होती. त्यांनी पुन्हा पुन्हा बटण दाबले. सिस्टर समोरच पाठमोऱ्या बसून गॉझच्या घड्या घालत होत्या, त्या काकांना दिसतही होत्या. शेवटी ते स्वतःच उठले आणि खुब्याचे हाड मोडून घेतले.

४. जिन्यावर आरडाओरडा ऐकून लोक वर धावले. मी खाली, स्विचच्या खोलीत गेलो. टाकून दिलेल्या पॅकेटांचा आकडा पडद्यावर होता. त्यातले प्रत्येक पॅकेट म्हणजे कोणीतरी दाबलेली बेल होती. मी जुन्या प्रोटोकॉलसाठी एक ओळ घातली आणि दार ओढून घेतले. त्या वेळी माझ्या मनात रुग्णांची काळजी होती, असे लिहायला मला आवडले असते.

५. समिती आली तेव्हा बेल खणखणीत वाजली. पलंगाच्या बेलपेटीत बटण दाबल्याची नोंद होतीच. अध्यक्षांनी मला विचारले, "यंत्रणेत काही दोष?" मी म्हणालो, "आत्ता तरी नाही, सर." त्यातले 'आत्ता तरी' मी इतक्या हळू म्हणालो की ते इतिवृत्तात आलेच नाही. बेल वाजूनही झोपून राहिल्या, असे म्हणून सिस्टर दोषी ठरल्या.

६. मला मात्र 'नेटवर्क गतिमान केल्याबद्दल' प्रशस्तिपत्र मिळाले आणि त्याची प्रत स्वागतकक्षात लागली. मी ती दोनदा काढली. पहारेकरीमामांनी "साहेब, तुमचं पत्र पडलं होतं" म्हणून दोन्ही वेळा परत लावली, दुसऱ्यांदा खिळ्याने. घरी सासूबाई येणाऱ्याजाणाऱ्याला मूळ पत्र दाखवत. आपल्या आदेशाशिवाय स्वागतकक्षातली प्रत उतरणार नाही, असे दिसते.

७. इतके सगळे मी कदाचित पचवलेही असते. पण काल सिस्टर कपाटातले सामान न्यायला आल्या. मला पाहून थांबल्या. म्हणाल्या, "दादा, तुम्ही तर तपासून गेला होतात. म्हणजे बेल वाजली असणार. माझाच डोळा लागला असेल. मला आठवत नाही, पण लागला असेल." त्याआधी त्या शिंपीकाकांकडे जाऊन आल्या होत्या. हात जोडून माफी मागितली; काकांना बोलता येत नाही, त्यांनी सिस्टरांच्या डोक्यावर हात ठेवला.

मी तेव्हाही "जपून जा," एवढेच म्हणालो.

तरी विनंती की, निलंबन मागे घ्यावे, प्रशस्तिपत्र रद्द करावे आणि माझ्यावर जी होईल ती कारवाई करावी. माझा खुलासा हाच समजावा, वेगळा मागवू नये. नव्या आदेशात 'संशयाचा फायदा' असे शब्द कृपया घालू नयेत. परिचारिका पूर्ण वेळ जाग्या होत्या, असे स्पष्ट लिहावे. त्यांना स्वतःला ते वाचण्याची गरज आहे.

आदेश निघायला वेळ लागेल, हे मी जाणतो. म्हणून हा अर्ज आवक खिडकीवर देऊन मी आज रजा न घेताच सिस्टरांच्या घरी हे सांगायला जात आहे. ही गैरहजेरीही माझ्या नावावर लावावी.

आपल्या कारवाईस पात्र,
(सही)
नेटवर्क तंत्रज्ञ

दिनांक : सोमवार, कार्यालय उघडताच

सोबत : स्विचवरील आधीच्या व नंतरच्या नियमांची छापील प्रत, मूळ प्रशस्तिपत्र, चौकटीसह.