आपण न उघडलेली बाटली

प्रिय इनास,

येत्या शुक्रवारी तुला जाऊन वर्ष होईल, चर्चमध्ये तुझी वर्षाची मिस्सा आहे. रिया गुरुवारी टोरांटोहून येतेय. मिस्सेनंतर आपली नेहमीची वीसेक माणसं घरी जेवायला येतील, आणि तुझी ती फ्रेंच रेड वाइन त्या दिवशी उघडायची असं मी ठरवलं होतं. ती कशी उघडायची, किती आधी उघडायची, मला काय ठाऊक? म्हणून आज सावियोला बोलावलं. इथे आखातात, झल्लाकच्या हॉटेलात तुझ्या हाताखाली तयार झालेला सावियो. तो आत्ताच गेला आणि मी लिहायला बसले.

तुला ते फ्रेंच म्हातारे गृहस्थ आठवतात का? तुमच्या हॉटेलात उतरले होते आणि पोट बिघडून खोलीत पडले होते. बुफेतलं काहीच त्यांच्या पोटात ठरेना. तू मला फोन करून म्हणालास, मार्था, उद्या डब्यात थोडी पेज दे. मी वसईच्या तांदळाची पेज करून दिली. तीन दिवस तू ती आपल्या मनाम्यातल्या घरून झल्लाकला नेलीस आणि पाहुणा उभा राहिला!

पुढच्या हिवाळ्यात ते परत आले ते बाटली घेऊनच. त्यांची स्वतःची द्राक्षबाग, चार पिढ्यांची. छाटणी भाऊ बघायचा, तळघर सून सांभाळायची, आणि लेबलावर त्यांच्याच घराचं चित्र. ही पेज करणाऱ्या बाईंसाठी, असं ते म्हणाल्याचं तूच मला सांगितलंस. म्हणजे बाटली माझी होती, नाही का? पण माझ्या हाती तू ती कधी दिली नाहीस. आडवी ठेवायची, अंधारात ठेवायची, गारव्यात ठेवायची. तुझ्या जुन्या युनिफॉर्मच्या कोटात गुंडाळून ती बेडरूमच्या कपाटात गेली आणि तिथला एसी चोवीस तास सुरू झाला. रिया लहान असताना तिचंसुद्धा तू एवढं केलं नव्हतंस.

सुट्टीवर जातानाही तू तो एसी चालूच ठेवायचास. रिकाम्या घरात एसी कोण चालू ठेवतं, म्हणून मी दर वर्षी भांडायचे.

मग ते वर्ष आलं. तुझी आई आजारी पडली म्हणून तू आधी वसईला गेलास. मी आणि रिया जुलैत, इथल्या ऐन उन्हाळ्यात निघालो. गॅस बंद, नळ बंद, आणि दाराबाहेर पडण्याआधी मेन स्विच बंद. वीस वर्षं नर्सचं काम केलेली बाई मी, निघताना सगळं तपासल्याशिवाय माझं पाऊल पुढे पडत नाही. बाटली माझ्या डोक्यातही आली नाही, इनास. खरंच नाही आली.

चाळीस दिवसांनी तिघंही परतलो तेव्हा दार उघडताच अंगावर वाफ आली. घरातल्या अल्तारावरच्या, देवापुढच्या मेणबत्त्या वाकून झोपल्या होत्या. तू बॅगा तिथेच टाकून कपाटाकडे गेलास. माझ्याकडे पाठ करून कोट उलगडलास. मग कोट पुन्हा नीट गुंडाळलास आणि म्हणालास, सगळं ठीक आहे, यल्ला, चल, चहा टाक. मी चहा टाकला. किती सहज विश्वास ठेवला मी!

त्यानंतर ती बाटली काढायची म्हटलं की तुझं काहीतरी निघायचंच. रियाला अ‍ॅडमिशन मिळाली तेव्हा म्हणालास, अजून दोन वर्षं मुरू दे. तुझ्या पन्नाशीला म्हणालास, एवढ्या गर्दीत नको. आणि आपल्या लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवशी मी हट्टच धरला, तर तू दुकानातून आणलेली दुसरीच वाइन ओतायला लागलास. तेव्हा माझ्या तोंडाचा पट्टा सुटला. सगळ्यांसमोर म्हणाले, "या माणसाला बायकोपेक्षा बाटली प्यारी आहे. याच्या कंजूषपणाला औषध नाही."

सगळे हसले. रियाही हसली. तूही हसलास आणि माझा ग्लास भरलास.

कंजूष हे नाव तुला चिकटलं. तुझ्या सातव्या दिवसाच्या प्रार्थनेनंतरही कुणीतरी प्रेमानेच ती गोष्ट काढली, आणि रडता रडता आम्ही हसलो. परवा फोनवर रिया म्हणाली, "फायनली, मम्मा! पप्पा वुड नेव्हर लेट अस." आणि मी हो म्हटलं.

आज सावियोने कोट उलगडला आणि बाटली उजेडात धरून मान हलवली. बूच वर सरकलं होतं, टोपीखालून ओघळ येऊन लेबलावर सुकला होता. मी विचारलं, काय झालं? तो खाली बघत म्हणाला, "आंटी, ये तो कब की पक गयी है. गरमी में. सर को मालूम था. मुझे बोले थे, मार्था को कभी मत बताना, वो खुद को माफ नहीं करेगी."

कोणत्या गरमीत, ते मला विचारावं लागलं नाही.

मी त्याला ती उघडायला लावली. विटकरी रंग आला होता, चव करपलेल्या जॅमसारखी आणि वर आंबूस. तो टाकून द्या म्हणाला. मी पेलाभर प्यायले. माझ्या नावाने आली होती ना!

पण तुझा रागही येतोय, सांगू? एकदा ओरडायचं होतंस. भांडलो असतो, दोन दिवस अबोला धरला असता आणि मोकळे झालो असतो. तू मात्र माझी चूक पोटात घातलीस आणि वर माझेच टोमणे ऐकलेस. एवढं चांगलं असायला कोणी सांगितलं होतं तुला? माणूस गेल्यावर हे कळलं, तर मागे राहिलेल्याने काय करायचं?

सव्वीस वर्षांच्या संसारात 'माझं चुकलं' असं मी तुला एकदाही म्हटलं नाही. आठवून पाहिलं, खरंच एकदाही नाही.

म्हणून वचन देते. शुक्रवारी, जेवणाआधी, मी सगळ्यांसमोर उभी राहीन. बाटली कुणी खराब केली, ते कुणी लपवलं आणि का, हे रियाच्या डोळ्यांत बघून सांगेन. तेव्हा हसलेली सगळी माणसं ऐकायला असतील, इनास. तू तेवढा नसशील.

तुझीच,
मार्था