पाचवं पान

सोमवार, २ फेब्रुवारी २००९
परभणीहून निघून आखाडा बाळापूरला एसटीतून उतरले. तिथून जीपनं अर्ध्या तासात इथं. गाव बघताच आवडलं. जुन्या कचेरीचा हॉल रंगवून तयार होता आणि शिपाई अमरसिंग यांनी पोचल्या पोचल्या चहा दिला. आतल्या खोलीत एकच मोठा कॉम्प्युटर, बाहेर लोकांसाठी नुसते चार पडदे आणि कीबोर्ड. माणूस बसला की त्याला आतून स्वतःचं कोरं पान मिळतं. सातबारा काढावा, अर्ज भरावा. उठला की सगळं पुसलं जातं. कुणाच्या विनवण्या नकोत. शुक्रवारी उद्घाटन. हे सगळं बसवून द्यायचं काम मिळालं म्हणून आज फार बरं वाटतंय.

मंगळवार, ३
चारही पडदे सुरू झाले. तातेराव नावाच्या म्हाताऱ्या शेतकऱ्यांनी स्वतःच्या हातानं सातबारा काढला आणि कागद कपाळाला लावला. माझेच डोळे भरून आले.
दुपारी आतल्या यादीत चारऐवजी पाच जण बसलेले दिसले. पाचवं नाव जिवनबाई. बंद केलं, परत उघडलं. तारांची काही गडबड असेल.

बुधवार, ४
पाचवं पान उघडून बघितलं. अर्ज होता. बाहेर कुणीच नव्हतं, तरी माझ्या डोळ्यांदेखत एकेक अक्षर उमटत होतं. ‘मी जित्ती हाय. माझं नाव काहून काढलं?’
अमरसिंग यांना विचारलं तर ते खालीच बसले. दिरानं जिवनबाईला कागदावर मेलेली दाखवून तिची जमीन स्वतःच्या नावावर करून घेतली होती. बाई वर्षानुवर्षं इथं येऊन बसायची. जिवंत असल्याचा पुरावा आण, एवढंच तिला सांगत. शेवटी याच हॉलमध्ये भिंतीला टेकून बसल्या जागीच गेली.
“बाई, तेवढा एक अर्ज पुढं धाडा की,” अमरसिंग म्हणाले. “बिचारीचं तेवढंच मागणं हाय.”
मी म्हटलं, सोबत पुरावा जोडलेला नाही, अर्ज पुढे जाणार नाही.
हे मी म्हटलं.

गुरुवार, ५
उद्या साहेब येणार. यादीत चारच दिसायला हवेत. पाचवं पान कायमचं पुसून टाकलं. पुसताना भिंतीशी कुणीतरी ‘माय’ म्हणालं. वळून बघितलं नाही.

शुक्रवार, ६, सकाळ
माझं पान उघडत नाही. माझ्या नावापुढे लिहिलंय — मयत.
अमरसिंग यांना हाक मारली. ते माझ्या अंगावरून झाडू फिरवत पुढे गेले —

दुपार
फीत कापली. साहेब भाषणात म्हणाले, ती परभणीची पोरगी बिचारी गेली, पण काम चोख करून गेली. सगळे एक मिनिट उभे राहिले. मी त्यांच्या समोरच — ओरडत होते —
घरी फोन लावला. आई रडत होती. मधेच म्हणाली, कोण हाय? आवाजच न्हाई येऊन राहिला — ठेवला.

पाच वाजले
बाहेरून कुलूप घातलं. दार बडवलं. अमरसिंग दाराशीच होते. मान खाली घालून गेले.
अर्ज लिहायचाय. एकही पडदा माझा हात ओळखत नाही. कळा दाबल्या जातात, अक्षर उमटत नाही. वहीतच लिहिते — मी पुनम, मी जिवंत —
भिंतीशी कुणीतरी सरकून जागा केली. लुगड्याचा पदर. पाय दिसत —
“बस माय,” म्हणाली. “साहेब जेवाया गेलेत. येतीलच, आता