बंगला, चौथ्यांदा

३ नोव्हेंबर, सोमवार

घरी पोचले तेव्हा अंधारलेलं. जासई ते पनवेल, सगळा रस्ता ट्रेलरच्या मधून स्कूटर काढत. रुमालाने नाक पुसलं तर रुमाल काळा. हेल्मेट अजून डोक्यातच, आणि आई दारात उभ्या — "हातपाय धू आन बंगला लाव गो."

चहासुद्धा विचारला नाही!

सासूबाईंना मी पहिल्यापासून आईच म्हणते. या वहीत 'सासूबाई' लिहिलं की कुणी दुसरीच बाई वाटते.

बंगला म्हणजे आमची इंग्रजांची मालिका. खरं नाव आईंच्या जिभेवर बसत नाही. दीडशे-पावणेदोनशे वर्षांपूर्वीचं इंग्लंड, समुद्रकाठी मोठं घर, शेठ, शेठाणी, शेठची म्हातारी आई, तीन मुली, नोकरचाकर. पाचवा आणि शेवटचा सीझन डिसेंबरात येतोय. म्हणून पहिल्यापासून सगळं परत. चौथ्यांदा!

"आई, तुम्हाला सगळं पाठ आहे."

"मंग? आरती पन पाठ हाय. म्हनत नाय का आपन?"

लावला.

४ नोव्हेंबर, मंगळवार

दोन भाग. डोकं ठणकतंय.

९ नोव्हेंबर, रविवार

आईंना इंग्रजी येत नाही, खालची अक्षरं वाचता येत नाहीत. म्हणजे मी वाचायचं आणि मराठीत सांगायचं. सगळ्यांचं बोलणं — शेठचं, थोरलीचं, स्वयंपाकिणीचं. बटलरला आई मुकादम म्हणतात. मुकादम शेठसमोर वाकला की मला पण आवाज वाकवायला लागतो, नाहीतर म्हणतात, "नीट सांग, तो असा नाय बोलत." दिवसभर कंटेनर यार्डाच्या ऑफिसात फोनवर ओरडून घसा बसलेला, घरी येऊन परत हे.

सुरू कसं झालं ते आज भांडी लावताना आठवलं. हरेशला, माझ्या नवऱ्याला, जाऊन महिना झाला होता. २०२१चा तो उन्हाळा. घरात दोन बायका आणि कोण कुणाशी बोलणार? टीव्ही कुणी लावत नव्हतं. एक दिवस मी उगाच लावला, आवाज हवा म्हणून. समोर काय आलं ते बघितलंही नाही. आई भिंतीकडे तोंड करून पडलेल्या. वळल्या आणि उठूनच बसल्या — "ह्यो तर मीठ हाय!"

खरंच होतं. त्या बंगल्याची मिठागरं. बायका फळ्यांनी मीठ ओढतायत. आईंचं अख्खं बालपण आणि अर्धी जवानी मिठागरात गेली. "इंग्रजांच्यात पन मिठागरा हायत? मना कुनी सांगला नाय कवा!" मग म्हणाल्या, "त्या पोरीच्या पायाला भेगा कशा नाय? खोटी हाय ती."

महिन्याभरात पहिल्यांदा एवढं बोलल्या. मी पुढचा भाग लावला.

तेव्हापासून चालूच आहे. दिवाळी असो, ताप असो, पाहुणे असोत.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

कॅन्टीनमध्ये प्रणित समोर येऊन बसला. डबा उघडला नाही. म्हणजे मला कळलंच.

"मोनाली, वर्ष झालं विचारून. हो म्हण, नाही म्हण. काहीतरी म्हण."

प्रणित आमच्याच यार्डात सर्व्हेअर आहे. कंटेनर उघडला की आत काय खराब झालंय ते बघून लिहायचं. बोलतोही तसाच, बघून, मोजून. घटस्फोट होऊन पाच-सहा वर्षं झाली. करंजाड्याला एकटा राहतो. आई-वडील पेणला. तिकडून घाई चाललीय, एक मुलगी बघून ठेवलीय म्हणे.

मी म्हटलं, "आई आहेत."

"त्यांनाही आण. मी कुठे नाही म्हटलंय?"

सोपं आहे का ते! पहिल्या नवऱ्याच्या आईला घेऊन दुसऱ्याच्या घरी? नणंद रोशनी काय म्हणेल, आईंचं गाव काय म्हणेल — आणि आई स्वतः? पंच्याहत्तरीची बाई. मुलाचा फोटो उचलून कुठल्या भिंतीवर लावणार?

"मग नाही समजू?" त्याने विचारलं.

भात गार झाला. त्याचाही.

१६ नोव्हेंबर, रविवार

बंगल्याच्या चाहत्यांचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे, मी दोन वर्षांपासून त्यात. आज ग्रुपवाल्या बायका पनवेलला जमल्या, सुमतीताईंच्या घरी. सुमतीताई रिटायर्ड मुख्याध्यापिका, ग्रुप त्यांचाच. डोंबिवली, पुणे, एक तर कोल्हापूरहून आली! टोप्या, हातमोजे, लेस. आमच्या आई हिरव्या नऊवारीत, नथ घालून. सगळ्या त्यांच्याभोवतीच. फोटो आणि फोटो.

पुण्याची एक बाई म्हणाली की इंग्लंडला गेले तेव्हा त्या बंगल्यासमोर उभी राहून रडले. हसू आलं नाही मला. बिचारीचा नवरा त्याच वर्षी गेलेला.

कुणीतरी विचारलं, "आजी, तुमचं आवडतं पात्र कोण?"

"त्यांचा कुत्रा."

"का हो?"

"सगल्यांच्या खोलीत जातो. कुनाला इचारत नाय."

केवढ्या हसल्या सगळ्या! आई हसल्या नाहीत. चहात आलं का नाही म्हणून मला हळूच विचारलं.

येताना रिक्षात माझ्या खांद्यावर डोकं टेकून झोपल्या. किती हलक्या! आधी एवढ्या हलक्या नव्हत्या. मी तशीच ताठ बसून राहिले, मान दुखेपर्यंत.

प्रणितला उद्या 'नाही' सांगायचं.

१७ नोव्हेंबर, सोमवार

सांगितलं नाही. तो उरणला साइटवर होता. बरं झालं.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

आज नको ते झालं.

तिसऱ्या सीझनचा सातवा भाग. थोरली विधवा होऊन दोन वर्षं झालीत. डॉक्टर तिला मागणी घालतो आणि ती नाही म्हणते. लांबलचक बोलते, खिडकीशी उभी राहून. मी म्हटलं, "नाही म्हणाली."

आई म्हणाल्या, "येवडा बोलली ती. आन तू येवडाच?"

"तेवढंच आहे."

"नाय. मागल्या येली तू सांगलास, ती म्हनते मना भ्या वाटतंय. त्याच्या मागल्या येली पन सांगलास. आता का गिलतेस?"

काय झालं मला कोण जाणे. रिमोट आपटला. "दमलेय मी! दिवसभर तिकडे बोलायचं, घरी येऊन यांचं बोलायचं. माझं मी कधी बोलायचं?"

"बोल ना मंग."

शांतपणे म्हणाल्या. त्यानेच अजून पेटले. प्रणितचं सगळं ओकून टाकलं. वर्षभर विचारतोय, चांगला आहे, मला आवडतो. आणि शेवटी ते वाक्य — "तुमच्यामुळे मी त्याला हो म्हणत नाहीये!"

पडद्यावर थोरली अजून खिडकीशी उभी. आई उठल्या. टीव्हीचं बटण स्वतः बंद केलं. आतापर्यंत कधी केलं नव्हतं, मला वाटायचं त्यांना येत नाही.

२३ नोव्हेंबर, रविवार

बंगला नाही. दोन दिवस नाही.

बोलतात. "मीठ कमी हाय का", "गॅस संपत आला". पण माझ्याकडे बघत नाहीत. सुके बोंबील केले, माझ्या आवडीचे. ताटात तसेच राहिले. माफी मागायला तोंड उघडलं तर म्हणाल्या, "जेव. गार होतंय."

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

दाराला कुलूप. किल्ली शेजारी कुलसुमभाभींकडे.

"आपा तो सुबह ही गयीं. भाई का टेम्पो आया था. आपको मालूम नहीं?"

नाही मालूम!

कपाट अर्धं रिकामं. नऊवाऱ्या नाहीत. त्यांचा तवा नाही. हरेशचा फोटो तिथेच, हार बदललेला. फोन उचलत नाहीत. शेवटी रामूमामांनी उचलला, आईंचे धाकटे भाऊ. म्हणाले, "हितंच हाय ती, काळजी नको करू." जासईला त्यांची चाळ आहे, खोल्या ट्रेलरच्या ड्रायव्हरांना भाड्याने देतात. त्यातली एक आईंनी घेतली म्हणे. ड्रायव्हरांच्या चाळीत!

मग रोशनीचा फोन. उलव्याला राहते, आईंची मुलगी, पण बोलण्यात आईंसारखा गावाकडचा सूर नाही. "वहिनी, काय बोललात आईला? दादा असता तर तिला असं जायला लागलं असतं?"

फोन ठेवला. बोललेच होते मी.

३० नोव्हेंबर, रविवार

जासईला गेले. रोज ऑफिसला त्याच गल्लीच्या तोंडावरून जाते, आत कधी वळले नव्हते. एक खोली, मोरी, पुढे ओटा. आई ओट्यावर मेथी निवडत होत्या. मला बघून सरकल्या, जागा केली.

"घरी चला."

"चा घेतेस?"

"आई, चुकलं माझं. पाया पडते. चला."

"आलं टाकते." आत गेल्या.

चहा घेऊन येऊन बसल्या. पाया पडले, तर डोक्यावर हात ठेवला. पण उठल्या नाहीत, पिशवी भरली नाही. समोरून ट्रेलर गेला की कपातला चहा थरथरतो. इथे झोप कशी लागत असेल त्यांना! म्हटलं, "माझ्यासाठी हे करू नका." त्या मेथीकडे बघत म्हणाल्या, "जेवून जा."

जेवले नाही. रडू यायला लागलं म्हणून निघाले.

१ डिसेंबर, सोमवार

प्रणितला 'नाही' सांगितलं. यार्डातच, दोन कंटेनरच्या मधे उभं राहून. "म्हाताऱ्या बाईला घराबाहेर काढून मी संसार मांडू?" म्हटलं.

त्याने हातातला पॅड मिटला. "तू काढलंस?"

"दुसरं कोणी आहे का घरात?"

तो गेला. मी एका मालाचं कागदपत्र, बिल ऑफ लेडिंग, चुकीच्या माणसाला मेल केलं. शिव्या खाल्ल्या. कमीच वाटल्या.

५ डिसेंबर, शुक्रवार

पाचवा सीझन आज आला. ग्रुपवर सकाळपासून नुसता धुरळा. शेठ मरतो म्हणे पहिल्याच भागात. कोल्हापूरच्या बाईने सांगून टाकलं म्हणून सुमतीताई तिच्यावर भडकल्या. मग कुणीतरी लिहिलं, "आजींना कसा वाटला?"

फोन उपडा ठेवला.

लावून बघितला. बंगला, समुद्र, ते संगीत. माझ्या तोंडून आपोआप मराठी सुरू झालं. रिकाम्या दिवाणाला सांगत होते! बंद केला. चार वर्षं वाटत होतं, या कटकटीतून सुटले तर किती झोपेन. झोप नाही. नुसता थकवा, हाडांत बसलेला.

७ डिसेंबर, रविवार

परत जासईला. नेऊनच आणायचं ठरवून.

दार आतून बंद. आतून बंगल्याचं संगीत! आणि बटलर हिंदीत बोलतोय — "मालकिन, गाड़ी तैयार है."

दार उघडलं. टेबलावर नवा टीव्ही. आई म्हणाल्या, "हिंदीत पन लागतो ह्यो. मामाच्या सुनेनं लावून दिला. तू लय रडवून सांगतेस गो. ती थोरली येवडी काय रडकी नाय."

मी दारातच बसले. म्हटलं, माझ्यासाठी तुम्ही इथे...

"तुज्यासाठी?" त्यांनी टीव्हीचा आवाज बारीक केला. "तुज्यासाठी तर मी तितं रायले व्हते. पोरगी येकटी परंल म्हनून, चार वरसा. तू बोललीस तवा कललं, तुना बी कुनीतरी हाय. मंग मी कनाला थांबू?" पुढे म्हणाल्या, "सासू, नवरा, पोरा, सून. जल्मात येकटी रायले नाय. बंगल्यातली म्हातारी बाय बग, शेठची आई, पोराचा लगीन झाला का येगल्या घरात जाते. कुनी म्हनत नाय तिला टाकली. मना माजा घर पायजे व्हता. आतून कडी लावाया."

मग टीव्हीकडे वळल्या. "जा आता. मना बगू दे."

बाहेर स्कूटरवर बसून प्रणितला फोन केला. उचलला नाही. परत केला, तेव्हा उचलला. मी विचारलं,

"कुठे आहेस?"

"घरी. का?"

"थांब. मी येतेय."