तीन हजार आठशे चाळीस रुपयांचा बी.एस्सी.

१४ जानेवारी १९७३, सकाळी ९
आजपासून रोज लिहायचे. औरंगाबादला चार वर्षे मॅथेमॅटिक्स केले. बी.एस्सी. झालो. पास क्लास. पेपर तपासणाऱ्याला गणित येत नसावे. फी, खानावळ, दोन पँटी, सगळा खर्च तेरच्या आबारावांनी केला. एकूण ३८४० रुपये. बोली अशी की मी त्यांच्या चांगुणाशी लग्न करायचे. केले तर पैसे माफ. नाही केले तर पाडव्यापर्यंत एकरकमी परत.
हिशेब मांडला. मास्तरकी २५० × १२ महिने × ३० वर्षे = ९०,०००. कर्ज त्याच्या सव्वाचार टक्के. एवढ्यासाठी सातवी पास बायको कोण करतो? पैसे तोंडावर फेकणार.

संध्याकाळी
आबाराव बेंबळीला आमच्याकडे तीळगूळ द्यायला आले. निर्णय सांगितला. सोबत त्यांचा मुलगा मच्छिंद्र होता, तो तालमीत जातो. त्याने आधी तीळगूळ दिला, मग कानाखाली दिली. म्हणाला, "दाजी म्हणून हात आवरलाय. पाडव्याला पैसे न्हाय आले तर बगा." उजव्या कानाने ऐकू येत नाही. मी हात उचलला नाही. शिकलेल्या माणसाने उचलू नये.

१५ जानेवारी
संकल्प. रोज शंभर जोर, शंभर बैठका. महिन्याभरात मच्छिंद्राचे हाड न् हाड वेगळे करणार. आजचे जोर: चार.

२३ जानेवारी
एका हायस्कुलात इंटरव्ह्यू. हेडमास्तरांनी फळ्यावर उदाहरण सोडवून दाखवले. उत्तर चुकले होते. सांगितले. ऐकेनात. मी फळ्यावर त्यांना दहापैकी दोन मार्क दिले. त्यांनी लाकडी डस्टर फेकून मारले. कपाळावर लिंबाएवढे टेंगूळ. नोकरी त्यांच्या भाच्याला. बरेच झाले. तिथे टॅलेंट सडले असते.

८ फेब्रुवारी
नोकरी लागली! तेरच्या रस्त्यावर दुष्काळी कामावर, खडीचे ढीग मोजायचे. रोज चार रुपये. ३८४० ÷ ४ = ९६० दिवस. पाडव्याला उरले ५५. तफावत आहे, पण प्रमोशन धरलेले नाही.
यंदा विहिरी आटल्यामुळे चांगले बागाईतदारही खडी फोडतात. चांगुणाही आहे, धुरपदाबाईच्या टोळीत. मी ओळख दाखवली नाही. तिने हातातला दगड एका घावात फोडला.

१७ फेब्रुवारी
भयंकर शोध! इथे ढीग मोजताना खालची लांबी × खालची रुंदी × उंची करतात. ढीग वर निमुळता होत जातो हे इतक्या वर्षांत कुणाच्याच ध्यानात आले नाही. मी खरे सूत्र लावले. खडी एक तृतीयांश कमी भरली. साहेब खूश होणार.

२४ फेब्रुवारी
पगार वाटला. अर्थात एक तृतीयांश कमी. धुरपदाबाईने विचारले, "मास्तर, ढीग त्योच, हात त्येच. मग आमचा पैसा कुटं गेला?" समजावून सांगितले की पैसा ढिगाच्या कोपऱ्यांत होता आणि ते कोपरे मुळात नव्हतेच. ती म्हणाली, "आसं व्हय? थांबा, कोपरे दावते." आणि खडीची भरली पाटी माझ्या डोक्यावर ओतली. मग सगळी टोळी उठली. एक दात गेला. अकरा दगड लागले; मी मोजले. त्यात चांगुणाचा एकच, तोही खांद्यावर. सकाळी तिने ह्याच हाताने उडता कावळा पाडला होता. म्हणजे डोके मुद्दाम सोडले. प्रेम आहे.
साहेब धावत आले. जुने माप लावून बायकांचे पैसे पुरे केले, मला दोन लाथा घातल्या आणि कामावरून काढले.

३ मार्च
जमा ६४. डॉक्टर ४१. शिल्लक २३. देणे ३८४०.
बाजारात मच्छिंद्र भेटला. पाडवा कधी आहे असे विचारून मनगट पिरगाळले. त्याला कॅलेंडर वाचता येत नसावे. जोर बंद. मनगट सुजले आहे.

३ एप्रिल
निर्णय. चांगुणावर उपकार करायचा. लग्न करणार. बी.एस्सी. जावई ३८४० रुपयांत म्हणजे फुकट. पोरगी हुरळून जाईल. आई म्हणाली, "आदी तोंड धू, रगत वाळलंय." काल जिन्यावरून पडलो होतो. मच्छिंद्र जिन्यातच उभा होता, हा योगायोग.

४ एप्रिल, पाडवा
तेरला गेलो. मच्छिंद्र बाह्या सारून दारातच. मी होकार सांगितला तसे त्याने हात खाली घेतले. आबारावांनी चांगुणाला बाहेर बोलावले. तिने मला वरपासून खालपर्यंत पाहिले. मग म्हणाली, "आबा, पैसे बुडाले आसं समजा. ह्यो नगं."
आबाराव म्हणाले, "पोरी, चार वर्सं पोसलंय त्येला. लई पैसा गेला."
ती म्हणाली, "जाऊ द्या. वर आनिक शंभर द्या, पर हितनं जाऊ द्या ह्येला."
आबारावांनी जरा विचार केला. मग कनवटीची नोट काढून माझ्यापुढे धरली.
एस.टी.त हिशेब मांडला. मी त्यांचा जावई होऊ नये म्हणून ३८४० सोडले, वर १०० दिले. म्हणजे जावई म्हणून माझी किंमत वजा ३९४०. तीनदा ताळा केला. बरोबर येते.
शंभर घेतले मी.